मशीनचे तास

६ मार्च

आज वीज अकरा वाजून पाच मिनिटांनी गेली आणि दोन वाजून वीस मिनिटांनी आली. तीन तास पंधरा मिनिटं. सवयीने वेळ टिपून ठेवली. बस डेपोत बत्तीस वर्षं टाइमकीपर होतो, गाडी कधी आली, कधी सुटली, एवढंच लिहीत आलो. 

हिच्या फुफ्फुसांचा आजार कळल्याला दोन वर्षं होतील. सात महिन्यांपासून ऑक्सिजनचं मशीन घरात आहे. खाटेशेजारी उभं असतं, लहान कपाटाएवढं. खोलीतली हवा ओढून घेतं आणि नळीतून हिला ऑक्सिजन देतं. डॉक्टरांचा हुकूम आहे, दिवसाचे सोळा तास. वीज गेली की मशीन बंद, मग कोपऱ्यातलं सिलिंडर. ते दोन तास पुरतं. म्हणजे आज सव्वा तास काहीच नव्हतं. ही उशीला टेकून डोळे मिटून बसली होती आणि मी वर्तमानपत्राने वारा घालत होतो. वाऱ्याने काय होणार होतं? "अहो, बसा," एवढंच म्हणाली.

ही टेलिफोन ऑपरेटर होती. बोलण्याचाच पगार घेतलेली बाई. तिला दोन शब्दांत भागवताना बघवत नाही.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते. म्हणाली, "बाबा, छतावर सोलर बसवा, बॅटरीसकट. वीज गेली तरी मशीन चालू राहील. सिलिंडरच्या भरवशावर किती दिवस काढणार?"

इतके दिवस मला हे का सुचलं नाही?

१२ मार्च

मशीनवाला सर्व्हिसला आला. दर सहा आठवड्यांनी येतो. कमी बोलतो, काम चोख. मागची पट्टी उघडून धूळ काढली, जाळी बदलली, कार्डावर काहीतरी लिहिलं आणि गेला.

१५ मार्च

सोलरवाल्या इंजिनीअरबाई येऊन गेल्या. लेकीच्याच वयाच्या असतील. शिडीवरून सरसर वर गेल्या, मी खाली शिडी धरून उभा. टेप लावून छत मोजलं, टाकीची सावली कुठवर येते ते खडूने आखलं. खाली आल्यावर म्हणाल्या, "काका, टाकीमुळे जागा जाते. चार पॅनेल बसतील. चांगलं ऊन असलं तर दिवसाला आठ युनिट मिळतील. टाकीच्या वरून उंच सांगाडा केला तर सहा बसतील."

"आमचं रोजचं किती जातं?" मी विचारलं.

"ते तुम्हीच मला सांगायचं. महिनाभर रोज सकाळी सात वाजता मीटर वाचा. जेवढं खरं लिहाल तेवढी बॅटरी नेमकी बसेल."

हे काम माझ्या हातचं आहे. बत्तीस वर्षं दुसरं केलंय काय? म्हटलं, "चारातच भागवून दाखवतो. उंच सांगाडा कशाला?"

ही आतून म्हणाली, "झालं. घराचा डेपो झाला."

१७ मार्च

पहिलं रीडिंग: ११.६ युनिट. म्हणजे चार पॅनेल पुरायला साडेतीन युनिट उतरवायला हवेत. स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी लेकीची जुनी पाटी टांगली. रोज आकडा लिहिणार.

२१ मार्च

गीझर बंद. पाणी मुळात फार गार नसतं. हिच्यासाठी मात्र गॅसवर पातेलं ठेवतो. जुने दोन पिवळे दिवे काढून नवे लावले. टीव्ही भिंतीवरच्या बटणापासून बंद. पाण्याचा पंप रोज दोनदा लावायचो, आता एकदाच, घड्याळ लावून. इस्त्री आठवड्यातून एकदा. आज ९.७.

ही म्हणाली, "अहो, शर्टाला किती चुण्या. ओव्हरटाइम करून आल्यासारखे दिसता."

२६ मार्च

९.०. फ्रीजच्या दाराला कागद लावून बघितला, आरामात सरकून बाहेर आला. रबर सैल झालंय. नवं मागवलं. अंगणात बसून उजेडात पेपर वाचतो. थोडी सर्दी आहे, गार पाण्याची सवय व्हायला वेळ लागतोय.

३० मार्च

८.६.

१ एप्रिल

८.५. रबर बदललं, तरी गाडी आठाच्या खाली येत नाही. जेवताना पाटीकडे बघत मी हिशेब करत होतो. मोठ्यानेच बोललो असेन, "बाकी सगळं घर मिळून तीन युनिटात आणलं. एकट्या मशीनचेच साडेपाच जातात. त्याला काही इलाज नाही."

ही पाणी प्यायली आणि भांडं खाली ठेवून म्हणाली, "माझं जेवण झालं."

अर्धी पोळीसुद्धा गेली नव्हती. हल्ली तिची भूक अशीच आहे, तोळामासा.

३ एप्रिल

हिने आज वेगळीच टूम काढली. म्हणते, मी बाहेरच्या खोलीत झोपावं. मशीनच्या घरघरीने माझी झोप मोडते आणि माझ्या घोरण्याने तिची. एकोणचाळीस वर्षं घोरतोय, आता मोडायला लागली. जरा लागलं मनाला. पण आजारी माणसाला नाही कसं म्हणायचं? खाट हलवली.

५ एप्रिल

झोप फार छान लागली. इथे मशीनचा आवाज मुळीच येत नाही.

सकाळचं रीडिंग ७.२! दोनदा वाचलं. फ्रीजच्या रबराचा गुण आत्ता दिसायला लागला.

८ एप्रिल

५.९. लेकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, शाबास. आई कशी आहे?" म्हटलं, बरी आहे, घे, तिच्याशीच बोल. ही फोनवर "हो", "बरं", "ठेवते" एवढंच बोलली. एके काळी लेकीचा फोन अर्धा तास सुटायचा नाही. उन्हाने माणूस मलूल होतंच.

१० एप्रिल

५.३. वाचनालयात आमच्या नेहमीच्या चौघांना सांगितलं तर एकाचाही विश्वास बसेना. एक जण म्हणाला, "मीटर मेला असेल तुमचा." जळतात.

चष्मा विसरलो म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो, फाटक उघडंच राहिलं होतं. खोलीत गेलो तर मशीन बंद. ही खाटेच्या कडेला बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. म्हणाली, "आत्ताच बंद केलं. जाळी धुवायची होती." मशीनवाल्याने आठवड्यातून एकदा जाळी धुवायला सांगितलंय, हिच्या ते लक्षात आहे. मीच विसरलो होतो. मी धुऊन दिली, वाळवली, बसवली, मगच गेलो.

१३ एप्रिल

हिचं डोकं सकाळी फार दुखतं. पावलंही जरा सुजल्यासारखी वाटतात. डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं तर म्हणते, "पुढच्या आठवड्यात. आधी तुमचा महिना पुरा होऊ द्या." माझ्या कामाची हिला एवढी काळजी. मी फाटक उघडलं की मशीनचा आवाज कानावर येतो, ही शांत पडलेली असते. तो आवाज ऐकला की मला हुश्श होतं.

५.१.

१८ एप्रिल

महिना भरला म्हणून इंजिनीअरबाई आल्या. मी रीडिंगची वही पुढे केली. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं आणि तीन तारखेपाशी थांबल्या.

"काका, इथून पुढचे आकडे बरोबर आहेत ना?"

"मी स्वतः वाचलेत. सात म्हणजे सात वाजता."

"तसं नाही. मशीनवर तीनशे चाळीस वॅट लिहिलंय. सोळा तास चाललं तर एकटं मशीन साडेपाच युनिट घेणार. आणि तुमचं अख्खं घर पाच पूर्णांक एक?"

मी त्यांना समजावलं की मशीनवरचा आकडा जास्तीत जास्त विजेचा असतो, प्रत्यक्षात ते कमी ओढत असणार, शिवाय फ्रीजचं रबर. त्या मान हलवत होत्या, पण पटल्यासारखं दिसलं नाही. म्हणाल्या, "पुढच्या वेळी मशीनच्या प्लगलाच छोटा मीटर लावून बघू."

तेवढ्यात ही आतून म्हणाली, "अहो, त्यांना चहा विचारा." उठून दारापर्यंत आली होती, चौकट धरून उभी. बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काकू, तुम्ही बसा. तुमचे ओठ असेच असतात का?"

"लहानपणापासून," ही म्हणाली.

लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, मला तरी ओठांचं काही आठवत नाही. असतील. हुशार आहेत बाई, पण नव्या पिढीला आपल्या कॅल्क्युलेटरवर फार भरवसा.

२३ एप्रिल

मशीनवाला आला. त्याने मागची पट्टी उघडली आणि तिथला आकडा वाचून कार्डावर लिहिला. मग पेन तसंच धरून उभा राहिला.

"काका, मशीन रोज किती तास लावता?"

"सोळा."

"हे तासांचं मीटर आहे. मशीन जेवढं चालतं तेवढे तास यात पडतात. बारा मार्चला तीन हजार दोनशे बारा होते. आज तीन हजार सहाशे चौऱ्याऐंशी आहेत."

मला कागद लागला नाही. बेचाळीस दिवस, गुणिले सोळा, सहाशे बहात्तर. झाले होते चारशे बहात्तर. दोनशे तास कमी.

बत्तीस वर्षं मी ड्रायव्हरांना विचारत आलो की मधला वेळ कुठे गेला. आज मी कुणालाच काही विचारलं नाही. हिच्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

मशीनवाल्याने स्वतःच्या पिशवीतलं बोटाला लावायचं यंत्र काढून तिच्या बोटाला लावलं. रक्तातला ऑक्सिजन ब्याऐंशी. "काका, गाडी बोलवा," तो म्हणाला. मी बोलवेपर्यंत त्याने मशीन चालू करून नळी तिच्या नाकाला लावली होती. गाडी येईपर्यंत तो थांबला. त्याचं पुढचं काम खोळंबलं असणार.

२४ एप्रिल

दवाखाना. अतिदक्षता विभाग. हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आलाय. डॉक्टर म्हणाले, "आणखी दहा-पंधरा दिवस असंच चाललं असतं तर गोष्ट वेगळी असती." लेक दुपारी पोहोचली. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "बाबा, पाटीवर कशाला लिहायचं होतं?"



२६ एप्रिल

आज ही बोलली. मास्क बाजूला करायला जात होती, मी हात धरला. तशीच बोलली, थांबत थांबत.

मी विचारलं, "का केलंस?"

"घरातली सगळ्यात खर्चिक वस्तू मीच होते. तीन युनिटं अख्खं घर. साडेपाच मी."

"अगं, हे सगळं तुझ्यासाठीच तर चाललं होतं."

"ते कळत नव्हतं का मला? तुम्ही गार पाण्याने अंघोळ करत होता. रात्रभर खोकत होता. उजेड पुरेना म्हणून अंगणात बसत होता. आणि मी बटण दाबून नुसती पडून राहायचं." थोडं थांबून म्हणाली, "आकडा खाली आला की तुमचा चेहरा... रिटायर झाल्यापासून तसा बघितला नव्हता."

"फाटक वाजलं की चालू करायचीस?"

"हो. ऑपरेटरचे कान आहेत. कडी वाजली की मला कळायचं."

नर्स आली आणि मला बाहेर काढलं.

बाकावर बसून ही वही पहिल्या पानापासून वाचली. सगळं लिहिलेलं आहे. डोकं दुखतं, पावलं सुजलीत, बोलत नाही, मशीन बंद दिसलं. तारखेसकट माझ्याच अक्षरात. डोळे उघडे ठेवून मी आंधळा होतो. आणि एक गोष्ट लिहून टाकतो, कारण इथे नाही लिहिली तर कुठेच लिहिणार नाही. हे हिच्यासाठी करतोय असं मी सगळ्यांना सांगत होतो. सुरुवातीला ते खरंही होतं. पण पाच पूर्णांक एक लिहिताना जो आनंद व्हायचा, त्यात ही कुठेच नव्हती. तो माझा होता. परत कामावर रुजू झाल्याचा.

३० एप्रिल

घरी आणलं. आता सोळा नाही, वीस तास सांगितलेत. फुफ्फुसं पहिल्यासारखी होणार नाहीत, आहे ते सांभाळायचं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. माझी खाट परत आत घेतली. घरघर अगदी कानाशी येते. ऐकत पडून राहतो.

लेकीने पाटी काढून टाकली.

४ मे

इंजिनीअरबाईंना बोलावलं. झालेलं सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यांनी रीडिंगची वही मागून घेतली आणि तीन तारखेचं पान काढलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मला शंका आली होती. मी आणखी जोर लावून विचारायला हवं होतं."

"बाई, तुम्ही विचारलं होतं. मीच रबराची गोष्ट सांगत बसलो."

नवा हिशेब केला. मशीन वीस तास म्हणजे पावणेसात युनिट. बाकीचं घर तीन. शिवाय ढगाळ दिवसांची सोय. टाकीच्या वरून उंच सांगाडा, सहा पॅनेल, आणि मोठी बॅटरी. वीज गेली तर मशीन, एक पंखा आणि दोन दिवे आठ तास चालतील. या वेळी मी एकही आकडा कमी करायला सांगितला नाही. उलट म्हणालो, "त्यात थोडी ढील ठेवा."

"ठेवलीय," त्या म्हणाल्या.

ही पडल्या पडल्या म्हणाली, "त्यात गीझर धरा. यांना सर्दी होते."

२७ मे

तीन दिवस छतावर ठोकठाक चालली होती. आज संपली. सांगाड्याचे पाय पक्के बसलेत, पॅनेलची तोंडं दुपारच्या उन्हाकडे. इंजिनीअरबाईंनी मला वायरी, बटणं, बॅटरीचा आकडा कुठे दिसतो ते दाखवलं. मग घराचा मुख्य खटका हाताने पाडला. पंख्याचा वेग जरासा चुकल्यासारखा झाला आणि पुन्हा लागला. मशीन थांबलं नाही. हिला विचारलं, "काही कळलं?"

"काय झालं?" ती म्हणाली.

बाई हसल्या. मला हसू आलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायलो.

९ जून

वीज रात्री नऊ वाजता गेली ती गेलीच. कुठे तरी मोठा बिघाड झालाय म्हणतात. वारा बंद, गल्लीभर लोक दारात येऊन बसलेले. आमच्याकडे मशीन चालू, पंखा चालू. ही उशीला टेकून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होती. लोकांना कसं तरी वाटेल म्हणून मी दार लोटून घेतलं होतं.

अकराच्या सुमारास दार वाजलं. पलीकडच्या घरातली सूनबाई आली होती, कडेवर पाच-सहा वर्षांची मुलगी आणि हातात वाफेचं औषध देण्याचं छोटं मशीन. मुलीला दमा आहे. छाती सूं सूं वाजत होती, बाहेरूनही ऐकू येत होती. "काका, पंधरा मिनिटं प्लग मिळेल का?"

माझी नजर आधी बॅटरीच्या आकड्याकडे गेली, हे लिहायला हवं. मी आकडा वाचेपर्यंत हिने हाक मारली, "आत आण तिला. इथे, माझ्याजवळ."

मुलगी हिच्या खाटेवरच बसली, मास्क लावून. एका बाजूला तिचं मशीन, दुसऱ्या बाजूला हिचं. ही तिला म्हणाली, "माझ्या पोटाकडे बघ. वर जातंय, खाली जातंय. तसंच तू कर. घाई नाही, आपली लाइन कुणी तोडत नाही." दोघी तशाच श्वास घेत बसल्या. पाच-सहा मिनिटांनी छातीचा आवाज उतरायला लागला, तशी त्या मुलीच्या आईने भिंतीला पाठ टेकली.

मास्क काढल्यावर मुलीने विचारलं, "आजी, तुम्हाला हे रोज लावावं लागतं?"

"रोज. वीस तास."

"कंटाळा नाही येत?"

"येतो की. एकदा मी बंदच करून ठेवलं होतं. कुणाला न सांगता."

"मग आजोबा रागावले?"

हिने माझ्याकडे बघितलं नाही. मुलीच्या कपाळावरचे ओले केस मागे सारत म्हणाली, "नाही ना. एक शब्दही बोलले नाहीत. त्याचंच मला वाईट वाटत राहिलं."

माय-लेकी गेल्यावर मी दार उघडंच ठेवलं. हिच्या पायाशी येऊन बसलो. मला वाटत होतं, दवाखान्यात मी रागावलो नाही हे माझ्या हातून झालेलं एकच शहाणपण. तेवढ्याच आधारावर इतके दिवस काढले होते.

मग म्हणालो, "परत बंद केलंस तर फार रागावेन. ऐकतेयस ना? घर डोक्यावर घेईन."

"घ्या," ही म्हणाली आणि कोड्याचा कागद माझ्यापुढे सरकवला. "आधी हा सहावा आडवा शब्द सांगा. मघापासून अडलेय."